एकीचे बळ कुठे अडते?

म्हाताऱ्या बापाने आपल्या भांडखोर मुलांना काठ्यांची मोळी मोडायला सांगितली, ही गोष्ट आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत ऐकली आहे. एकटी काठी मोडते, मोळी मोडत नाही. म्हणून एकीने राहावे, हे तिचे तात्पर्य. संगणकांच्या जाळ्यातही अशी मोळी बांधतात. एक केबल पुरेनाशी झाली की दोन, चार किंवा आठ केबल शेजारी शेजारी जोडायच्या आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांना सांगायचे की, ही सगळी मिळून एकच जाड केबल समजा. परंतु या मोळीची गोष्ट थोडी निराळी आहे. कित्येकदा सगळा भार एकाच काठीवर येतो आणि बाकीच्या नुसत्या शोभेला उभ्या राहतात. असे का होते, ते कसे ओळखावे आणि त्यावर उपाय कोणता, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. कला शाखेच्या वाचकांनी ‘हा विषय आपला नव्हे’ म्हणून पान उलटू नये, ही विनंती. यात गणित लागते ते सम-विषम ओळखण्याइतकेच; आणि गोष्ट तर आपल्याच ग्रंथालयाची आहे.

तक्रार आणि प्रस्ताव

‘कमवा व शिका’ योजनेत मी ग्रंथालयात काम करते. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड आणि काही पोथ्या यांची पाने स्कॅन करून ती एका सर्व्हरवर ठेवलेली आहेत. वाचनकक्षातल्या संगणकांवर ती उघडून वाचता येतात. या सर्व्हरपासून मुख्य स्विचपर्यंत एक गिगाबिट वेगाच्या दोन केबल आहेत आणि त्या वर सांगितल्याप्रमाणे एकत्र बांधलेल्या आहेत. असे असूनही रोज सकाळी आठला वाचनकक्ष उघडला की तासभर पान उलटायला अर्धा-अर्धा मिनिट लागे. विद्यार्थी कंटाळून उठून जात. कक्षातले मामा तर हसून म्हणत, “ताई, नऊपर्यंत चहा घेऊन या, मग तुमचे यंत्र जागे होईल.”

तक्रारी वाढल्या तसा एक प्रस्ताव पुढे आला : दोन केबल अपुऱ्या पडतात, तेव्हा नवा स्विच घ्यावा आणि चार केबल टाकाव्यात. पैसे कोठून आणायचे? तर यंदाच्या ग्रंथखरेदीच्या रकमेतून. ग्रंथपाल सरांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा झाला होता. ते एवढेच म्हणाले, “दोन केबल भरल्या आहेत, हे कोणी पाहिले आहे का?” कोणीच पाहिले नव्हते. तेथून आमचा शोध सुरू झाला.

मोळी कशी बांधतात?

थोडा इतिहास सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. केबलची मोळी बांधण्याची ही युक्ती १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातील एका कंपनीने ‘ईथरचॅनेल’ या नावाने आणली. त्या कंपनीचे नाव ‘कल्पना’ असे होते, हे वाचून मराठी वाचकाला गंमत वाटेल. १९९४ साली सिस्को या कंपनीने तिला विकत घेतले. पुढे प्रत्येक कंपनीची यंत्रे एकमेकांशी जुळावीत म्हणून आय-ट्रिपल-ई या संस्थेने २००० साली ८०२.३एडी हे मानक प्रसिद्ध केले. २००८ पासून तो विषय ८०२.१एएक्स या स्वतंत्र मानकात गेला. या मानकात ‘एलएसीपी’ नावाची एक बोलाचालीची पद्धत आहे. दोन्ही टोकांची यंत्रे ठरावीक काळाने एकमेकांना निरोप पाठवतात आणि ‘तुझी ही केबल माझ्या त्याच मोळीत आहे ना?’ याची खात्री करून घेतात.

आता मुख्य प्रश्न येतो. सर्व्हरकडून निघालेली माहिती लहान लहान पॅकेटांत विभागलेली असते. मग पहिले पॅकेट पहिल्या केबलवर, दुसरे दुसऱ्या केबलवर, तिसरे पुन्हा पहिल्यावर, अशी पाळीपाळीने वाटणी का करू नये? भार तंतोतंत निम्मा-निम्मा होईल! युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्यात एक खोच आहे. पॅकेटे पुढेमागे पोचली तर पलीकडचे यंत्र गोंधळते. टीसीपी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत, मधले पॅकेट सोडून पुढची येऊ लागली की घेणारे यंत्र ‘मला अजून अमुकच हवे आहे’ अशी पोच पुन्हा पुन्हा पाठवते. अशा तीन जादा पोचा आल्या की पाठवणारा समजतो, पॅकेट हरवले. तो ते पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही कमी करतो. म्हणजे समान वाटणी साधायला जावे आणि चाल मंदावावी, असा प्रकार होतो. म्हणून मानकाचा आग्रह असा की, एका संभाषणातली पॅकेटे ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने पोचली पाहिजेत.

पंढरीच्या वारीचे उदाहरण घेऊ. वाटेत नदी आली आणि तिच्यावर दोन पूल आहेत असे समजा. दिंडीतली माणसे एक या पुलावरून, एक त्या पुलावरून अशी सोडली तर पलीकडे गेल्यावर पताकावाले एकीकडे, टाळकरी दुसरीकडे आणि विणेकरी तिसरीकडे! तेव्हा अख्खी दिंडी एकाच पुलावरून न्यायची. दुसरी दिंडी हवी तर दुसऱ्या पुलावरून न्यावी. केबलच्या मोळीतही हेच करतात. एक संभाषण म्हणजे एक दिंडी. ती फुटत नाही. म्हणूनच एक गिगाबिटच्या दोन केबल बांधल्या तरी एका संभाषणाला एक गिगाबिटहून अधिक वेग कधीच मिळत नाही. दोन पूल झाले म्हणून एखादी दिंडी दुप्पट वेगाने नदी ओलांडत नाही. दोन दिंड्या एकाच वेळी ओलांडतात, इतकेच.

कोणती दिंडी कोणत्या पुलावरून?

हे ठरवायला यंत्राजवळ फुरसत नसते. सेकंदाला हजारो पॅकेटे येत असतात. म्हणून ते एक झटपट हिशेब करते. पॅकेटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. त्या अंकांची एक ठरीव सरमिसळ करून एक संख्या काढायची, तिला केबलच्या संख्येने भागायचे आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या केबलवर पॅकेट सोडायचे. या सरमिसळीला ‘हॅश’ म्हणतात. एका संभाषणातल्या सर्व पॅकेटांवरचे पत्ते तेच असल्यामुळे बाकीही तीच येते आणि क्रम बिघडत नाही.

पत्ते मात्र तीन प्रकारचे असतात. पहिला मॅक पत्ता. तो त्या यंत्राच्या जोडणीवर कारखान्यातच घातलेला असतो. दुसरा आयपी पत्ता. तो जाळे मांडणारा माणूस देतो. तिसरा पोर्ट क्रमांक. एकाच संगणकावरची निरनिराळी कामे ओळखण्यासाठी तो लागतो आणि प्रत्येक नव्या संभाषणागणिक एका टोकाला बहुधा बदलतो. हॅश यांपैकी कशावर काढायचा हे आपल्याला निवडता येते. लिनक्सच्या सर्व्हरवर काहीच निवडले नाही तर तो मॅक पत्त्यावरच काढला जातो.

येथे दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, हॅशला भार कळत नाही. एखादी केबल भरून वाहत आहे म्हणून तो दिंडी दुसरीकडे वळवीत नाही. तो फक्त पत्ता वाचतो. दुसरी, जो पाठवतो तोच केबल निवडतो. सर्व्हरकडून वाचकांकडे जाणाऱ्या पानांची वाटणी सर्व्हर करतो. वाचकांकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या मागण्यांची वाटणी स्विच करतो. या दोन निवडींचा एकमेकींशी काही संबंध नसतो.

शोध

आम्ही, म्हणजे संगणक विभागाचे सर आणि मी, प्रथम मोळी खरोखर बांधलेली आहे का, ते पाहिले. ही पायरी कधीही गाळू नये. कधी कधी एक केबल मोळीतून सुटलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. कधी एखाद्या केबलीतली एक तार तुटते. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात, त्यामुळे ती केबल मुकाट्याने शंभरावर उतरते आणि वेग जुळत नाही म्हणून मोळीत राहत नाही. लिनक्सवर प्रत्येक केबलपुढे तिच्या गटाचा क्रमांक दिसतो. दोघींचा क्रमांक एक असला पाहिजे. आमच्या दोन्ही केबल एकाच गटात होत्या, दोन्ही गिगाबिटवर होत्या. मोळी ठीक होती.

मग मोजणी केली. सकाळी आठ वाजता प्रत्येक केबलवरून किती बाइट गेले तो आकडा टिपला, पाच मिनिटांनी पुन्हा टिपला आणि वजाबाकी केली. पॅकेटे न मोजता बाइट मोजावेत, कारण एक लहान निरोपही एकच पॅकेट आणि पोथीच्या चित्राचा मोठा तुकडाही एकच पॅकेट. जाणारे आणि येणारे आकडेही वेगळे लिहावेत. उत्तर स्पष्ट होते : सर्व्हरकडून जाणाऱ्या दिशेने पहिली केबल काठोकाठ भरलेली आणि दुसरी जवळजवळ कोरडी. ग्रंथपाल सरांचा प्रश्न योग्यच होता. दोन केबल भरल्या नव्हत्या, एकच भरली होती.

आमची पहिली चूक येथे झाली. आम्ही स्विचवरची निवड बदलली. काहीही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. कारण पाने पाठवतो सर्व्हर, आणि त्याची निवड आम्ही तशीच ठेवली होती. अर्धा दिवस वाया गेल्यावर हे ध्यानात आले.

सर्व्हरवर हॅश मॅक पत्त्यावर होता. वाचनकक्षाचे जाळे सर्व्हरच्या जाळ्यापासून वेगळे असून मध्ये राउटर आहे. अशा वेळी सर्व्हर पॅकेटावर घेणाऱ्याचा म्हणून मॅक पत्ता लिहितो तो राउटरचा, वाचकाचा नव्हे. पुढे पोचवण्याचे काम राउटरचे. परगावी पाठवायची सगळी पत्रे आपण एकाच टपालपेटीत टाकतो, तसेच हे. वाचक पन्नास असोत की पाचशे, सर्व्हरच्या हॅशला एकच पत्ता दिसत होता आणि बाकी नेहमी तीच येत होती. चार केबल टाकल्या असत्या तर तीन रिकाम्या राहिल्या असत्या!

कारण सापडले या आनंदात आम्ही हॅशमध्ये आयपी पत्ता आणला. वाचकांचे आयपी पत्ते वेगवेगळे आहेत. आता वाटणी होणारच. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर तेच आकडे. आम्ही दोघेही थक्क झालो. शेवटी वाचनकक्षातल्या पत्त्यांची यादी काढून समोर ठेवली आणि पाहता पाहता हसू आले. शेवटचे अंक १०, १२, १४, १६ असे होते. एकही विषम नव्हता. ज्या कोणी हे जाळे मांडले त्याने दूरदृष्टीने प्रत्येक मेजाला दोन क्रमांक राखून ठेवले होते : सम क्रमांक संगणकाला आणि विषम क्रमांक पुढेमागे येणाऱ्या स्कॅनरला. स्कॅनर काही आले नाहीत. दोन केबल असल्या की भागाकार दोनाने होतो आणि बाकी फक्त सम-विषमावर ठरते. सर्व्हरचा पत्ता एकच, वाचक सगळे सम. बाकी बदलणार कशी? सगळ्या दिंड्या सम क्रमांकाच्या निघाल्या आणि एकाच पुलावर गेल्या. येथेही चार केबल घेतल्या असत्या तरी सम अंकांना दोनच बाक्या मिळाल्या असत्या आणि दोन केबल कायमच्या मोकळ्या राहिल्या असत्या.

हा सम-विषमाचा फेरा केवळ आमच्याच वाट्याला आला असे नाही. २०१५ साली लिनक्सच्या ४.२ आवृत्तीत बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना शक्यतो सम पोर्ट क्रमांक द्यावेत, असा बदल झाला. बदल चांगल्या हेतूने केला होता. उपलब्ध क्रमांक संपू नयेत म्हणून. परंतु त्यामुळे एकाच ठिकाणी जाणारी अनेक संभाषणे पोर्टवरच्या हॅशलाही एकसारखी दिसू लागली आणि एकाच केबलवर जाऊ लागली. २०१७ साली हॅशमधला शेवटचा, म्हणजे सम-विषम सांगणारा अंक सोडून देऊन ती दुरुस्ती केली गेली. दोन शहाणी माणसे आपापल्या जागी शहाणपणाचे काम करतात आणि दोन्ही कामे एकत्र आली की घोटाळा होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अखेर आम्ही हॅशमध्ये पोर्ट क्रमांकही घेतला. या निवडीला एक मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. एखादे मोठे पॅकेट वाटेत तुकडे करून पाठवले तर पोर्ट क्रमांक पहिल्याच तुकड्यावर असतो. म्हणून तुकड्यांचा हिशेब निराळा होऊन क्रम बिघडण्याची शक्यता राहते, आणि मानक काटेकोर पाळणाऱ्यांना ही निवड तितकीशी पसंत नसते. आमच्याकडे असे तुकडे पडत नव्हते. या वेळी वाचक खरोखरच दोन्ही केबलवर विभागले गेले.

खरा रोग

तरीही गोष्ट येथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निम्मे वाचक खूश होते आणि निम्मे पूर्वीसारखेच चडफडत होते. पहिली केबल अजून भरलेलीच होती. तिच्यावर कोण आहे हे संभाषणागणिक पाहिले, तेव्हा एक प्रचंड दिंडी सापडली. सर्व्हरवरच्या सगळ्या स्कॅनची प्रत रोज रात्री दहाला दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर घेतली जाते. एकूण साठा ४.४ टेराबाइट. एक गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात ११० धरू. भागाकार केला तर ४०,००० सेकंद, म्हणजे अकरा तासांहून थोडे अधिक. रात्री दहाला निघालेली ही दिंडी सकाळी नऊनंतर पैलतीरी पोचत होती. मामांचा ‘नऊपर्यंत चहा’ हा आमच्या सर्व मोजमापांच्या आधीचा आणि अगदी अचूक शोध होता!

अशा एकट्या धिप्पाड संभाषणाला हॅश बदलून काही होत नाही. ते कोणत्या ना कोणत्या केबलवर जाणारच आणि ती भरणारच. मोठी संभाषणे थोडी असली की वाटणी नशिबावर राहते. चार मोठी संभाषणे दोन केबलवर पडण्याचे सोळा प्रकार आहेत. त्यांपैकी दोन-दोन अशी समान वाटणी फक्त सहा प्रकारांत होते. आठ प्रकारांत तीन-एक होते आणि दोन प्रकारांत चारही एकाच बाजूला जातात. हॅश निर्दोष असला तरी हे असेच राहणार. लहान संभाषणे शेकडोंनी असतात तेव्हाच सरासरी साधते.

मग उपाय काय? प्रतीचे काम अनेक समांतर संभाषणांत वाटता येते, किंवा रोज सगळे न पाठवता आदल्या दिवसानंतर बदललेले तेवढेच पाठवता येते. आम्ही दुसरा मार्ग घेतला. दिवसभरात नवी स्कॅन केलेली पाने काही गिगाबाइटच असतात. त्यांची प्रत आता काही मिनिटांत होते. मग प्रत्येक केबलवर किती भार आहे ते पुन्हा मोजले. वाटणी साठ-चाळीस अशी विषमच होती. परंतु दोन्ही केबल बऱ्याच मोकळ्या होत्या आणि तक्रार कोणाचीच नव्हती. विषमता स्वतः दोष नव्हे, हे येथे शिकायला मिळाले. एक केबल भरून पॅकेटे खोळंबणे आणि त्याच वेळी दुसरी रिकामी असणे, हा दोष होय.

आणखी दोन सापळे

आमच्याकडे न भेटलेले, पण इतरत्र नेहमी आढळणारे दोन सापळे थोडक्यात सांगते. काही स्विचमध्ये हॅशचे आठच कप्पे असतात आणि ते केबलना वाटून दिलेले असतात. दोन केबलना चार-चार, चार केबलना दोन-दोन कप्पे येतात. पण तीन केबल असतील तर वाटणी तीन-तीन-दोन अशीच होणार. तेथे तिसरी केबल कमी भरते म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये; केबलची संख्या दोन, चार किंवा आठ ठेवावी.

दुसरा सापळा एकामागे एक असलेल्या स्विचांचा. पहिल्या स्विचने विषम बाकीच्या दिंड्या एका बाजूला पाठवल्या आणि पुढच्या स्विचने पुन्हा त्याच पद्धतीने हिशेब केला, तर त्याच्याकडे आलेल्या सगळ्या विषमच. त्याची दुसरी केबल रिकामी राहते. यासाठी प्रत्येक स्विचच्या सरमिसळीत एक वेगळा बीजांक मिसळण्याची सोय अनेक यंत्रांत असते.

समारोप

नवा स्विच घेतला नाही. ग्रंथखरेदीची रक्कम ग्रंथखरेदीकडेच राहिली आणि या वर्षीची नवी पुस्तके आपल्याला ग्रंथालयाच्या दर्शनी कपाटात पाहायला मिळतील. या साऱ्या खटाटोपात आम्ही विशेष असे काही केले नाही. मोळी बांधलेली आहे का ते पाहिले. दिशेगणिक बाइट मोजले. पाठवतो कोण ते ओळखले. हॅश काय वाचतो आणि त्याला कोणते पत्ते दिसतात ते ताडले. आणि शेवटी सर्वांत मोठे संभाषण कोणते ते शोधले. हाच क्रम आधीपासून धरला असता तर आठवड्याचे काम दोन दिवसांत झाले असते.

आणि हो, मामांना आम्ही अगदी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. यंत्र नऊला ‘जागे होते’ हे त्यांना ठाऊक होते. ते नऊलाच का होते, एवढाच प्रश्न आम्ही विचारायचा राहिला होता.